फुप्फुसांचा पेपर, माध्यम तुर्की

यंदा सेमिनारला मी विषय घेतला : सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराची प्रश्नावली तुर्की भाषेत नेणे. सर म्हणाले, "अरे, यात इन्स्ट्रुमेंट कुठंय?"

मित्रांनो, प्रश्नावली हेच इन्स्ट्रुमेंट! पहिल्या सेकंदात पेशंटने किती लिटर हवा फुंकली हे स्पायरोमीटर सांगतो. पण त्याला जिना चढताना धाप लागते का, घराबाहेर पडायची धास्ती वाटते का, हे त्या यंत्राला काय कळणार? त्यासाठी २००९ साली इंग्रजीत 'कॅट' ही चाचणी आली (एमबीएवाली नव्हे!). आठ प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, एकूण ४०. मार्क जास्त तर तब्येत वाईट. १० किंवा त्याहून जास्त आले की त्रास जास्त असं धरतात, आणि औषध ठरवताना हा आकडाही बघतात. म्हणजे एकच प्रश्न नीट कळला नाही आणि ११ च्या जागी ९ आले, तर पेशंटचा गटच बदलू शकतो.

आता गंमत बघा. तुर्कीत फुप्फुस म्हणजे 'आकजियेर', पांढरं जियेर, आणि यकृत म्हणजे 'काराजियेर', काळं जियेर. हे जियेर म्हणजे फारसीतलं जिगर, आपल्या जिगरी दोस्तातलंच. पण खरी अडचण छाती आवळल्यासारखी वाटते का, या प्रश्नाची. तुर्की 'सिकिन्ती' या शब्दात घुसमटही येते, काळजीही आणि कंटाळाही. तो शब्द वापरला तर घरच्या काळजीनं पोखरलेला माणूस फुप्फुसाच्या खात्यात मार्क टाकून मोकळा होणार.

१९९२ ची सेंट जॉर्जेस प्रश्नावली तर आणखी इंग्रजी. त्यात बर्फ उपसणं, टेनिस, गोल्फ, ताशी ५ मैल चालणं. मैलांचे ८ किलोमीटर करता येतात, गोल्फचं काय करायचं? अनातोलियातल्या शेतकऱ्याला तेवढीच दमणूक होईल असं काम शोधावं लागतं. शब्द बदलला तरी चालेल, श्रम तेवढेच हवेत.

रीत अशी : दोघांनी स्वतंत्रपणे तुर्की भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मग मूळ प्रत न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत आणायचं. या उलट्या भाषांतरावर माझा फारसा विश्वास नाही. शब्दाला शब्द ठेवलेलं बोजड वाक्य परत इंग्रजीत अगदी छान येतं, फक्त पेशंटला कळत नाही! म्हणून थोड्या पेशंटना बसवून "यातून तुम्हाला काय समजलं?" असं विचारणं, ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते.

मग आकडेमोड. प्रश्न एकमेकांशी जुळतात का यासाठी क्रॉनबाखचा आल्फा, साधारण ०.७० च्या वर हवा. काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा. पण लॅबमध्ये शिकलोच आहोत, सतत दोन मिलिमीटर जास्त दाखवणारी पट्टीही दर वेळी तेच रीडिंग देते. त्यामुळे स्पायरोमीटरशी, इतर प्रश्नावल्यांशी ताडून बघावं लागतं. तुर्की कॅटचा असा अभ्यास २०१२ मध्ये आणि सेंट जॉर्जेसचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक शंका मात्र मला अजून सतावते. तुर्कस्तानच्या खेड्यांत 'तेझेक', म्हणजे आपल्या गोवऱ्याच, जाळून त्या धुरानं आजारी पडलेल्या बायका आहेत. त्यांतल्या एखाद्या आजीला वाचता येत नसेल तर प्रश्न कोणीतरी वाचून दाखवणार. वाचणारी सूनच असली, तर "घरातली कामं आता झेपत नाहीत" हे सासूबाई कबूल करतील का?