केनियातल्या खेड्यात शिक्षण केंद्र चालवायचं तर किती पैसे लागतात?

नैरोबीत नोकरीला असलेली, नाहीतर पुण्या-मुंबईहून सफारीला येऊन गेलेली मराठी माणसं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. ‘एखाद्या खेड्यात मुलांसाठी केंद्र काढायचंय, इमारतीला किती लागतील?’ प्रश्न मनापासून आलेला असतो, म्हणून उत्तरही सरळ देतो. इमारतीचं नंतर बघू. तीन वर्षांचे पगार हाताशी आहेत का, ते आधी सांगा. नसतील तर पाया खणू नका.

हे कठोर वाटेल. पण भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी, दाराला कुलूप आणि ओट्यावर वाळत घातलेला मका अशी केंद्रं मी पाहिली आहेत. उद्घाटनाला जमलेली मुलं दुसऱ्या वर्षी नुसती कुलपाकडे बघून पुढे जातात, तेव्हा त्या गावाचा पुढच्या दहा माणसांवरचाही विश्वास उडालेला असतो. देणगी गोळा करताना इमारतीचा फोटो उपयोगी पडतो. शिक्षिकेच्या ऑगस्टच्या पगाराचा फोटो निघत नाही. पण केंद्र चालतं ते त्या पगारावर.

उदाहरणासाठी मी किसुमूच्या पूर्वेचं कानोचं मैदान घेतो. शेजारी व्हिक्टोरिया सरोवर, आहेरोची भातखाचरं, ऊस आणि पावसाळ्यात चढणारी न्यांडो नदी. जमीन आपल्या मराठवाड्यासारखी काळी. बोली धोलुओ, बाजारात स्वाहिली, परीक्षेत इंग्रजी. आकडे सगळे शिलिंगमध्ये देतो. एक शिलिंग म्हणजे साधारण 65 ते 70 पैसे. मोजायला मराठी माणसाला अडचण नाही, कारण स्वाहिलीत लाखाला ‘लाकी’च म्हणतात आणि ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच.

शाळा काढू नका, केंद्र काढा

केनियात 2003 पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत आहे. सरकार प्राथमिक शाळेला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 1,420 शिलिंग देतं, त्यात खडू-पुस्तकांपलीकडे फारसं काही भागत नाही. मुलं शाळेत जातात, पण वाचायला मागे पडतात. तिथे तुमचं काम आहे. दुसरी शाळा काढलीत तर मंत्रालयाची नोंदणी, शिक्षक सेवा आयोगाकडे नोंदवलेले शिक्षक, तपासण्या हे सगळं येतं. बालवाडी काढली तर ती काउंटी सरकारच्या अखत्यारीत जाते. त्यापेक्षा शेजारच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून पूरक केंद्र चालवा. सकाळी शाळेतच मागे पडलेल्यांचे छोटे गट, दुपारी शाळा सुटल्यावर केंद्रात एक थाळी गिथेरी, मग वाचन आणि गृहपाठ, अंधार पडायच्या आत मुलं घरी, आणि संध्याकाळी मोठ्यांचा साक्षरता वर्ग. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर पावणेसातच्या आसपासच मावळतो, त्यामुळे वेळापत्रक बाराही महिने तेच राहतं. वेळ ठरवताना मात्र जपा. स्वाहिली घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण आपल्या घड्याळात आठ.

पगार

शंभर मुलं आणि तीसेक प्रौढ धरले तर एक समन्वयक, तीन शिक्षक, एक स्वयंपाकीण आणि एक रखवालदार एवढी माणसं लागतात. खालचे दर मी मांडणीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर विचारून बदलून घ्या. समन्वयकाला 35,000, शिक्षकांना प्रत्येकी 20,000, बाकी दोघांना 13,000. महिन्याला 1,21,000.

इथे बहुतेकांचा हिशेब थांबतो आणि इथेच चूक होते. पगारावर मालकाचा वाटा असतो. सामाजिक सुरक्षा निधीला 6 टक्के, गृहनिर्माण आकाराला दीड टक्का, औद्योगिक प्रशिक्षणासाठी माणशी 50 शिलिंग. म्हणजे महिन्याला आणखी 9,375. आरोग्य निधीचे पावणेतीन टक्के कर्मचाऱ्याच्या पगारातून कापून तुम्हीच भरायचे असतात. वर्षाचे एकूण 15,64,500 शिलिंग. ‘स्वयंसेवक आहेत, मानधन देतो’ म्हणून हा वाटा चुकवू नका. चार वर्षं राबलेल्या बाईंच्या नावावर निधीत एक शिलिंगही नसणं हा अन्याय आहे, आणि कायद्यानेही तो तुमच्या अंगाशी येतो.

परदेशातून महिनाभरासाठी मुलं शिकवायला आणण्याचा मोह होतो. त्यांच्या विमानाच्या तिकिटात गावातली शिक्षिका कितीतरी महिने काम करते. शिवाय पर्यटक म्हणून आलेल्याला तिथे बिनपगारी कामही परवान्याशिवाय करता येत नाही. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाकडून, गावचा असो वा बाहेरचा, पोलिसांचा सदाचाराचा दाखला घ्या. त्यात अपवाद करू नका.

थाळी

गिथेरी म्हणजे अख्खा मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. दळण नाही, लाटणं नाही, म्हणून शंभर पोरांना एका बाईच्या हातून होतो. केनियातल्या शालेय आहारात मुलामागे 150 ग्रॅम धान्य, 40 ग्रॅम कडधान्य आणि 5 ग्रॅम तेल धरतात. आपल्या माध्यान्ह भोजनाचं पाचवीपर्यंतचं माप 100 आणि 20 ग्रॅमचं आहे, त्यापेक्षा हे भरीव.

शंभर मुलांना रोज 15 किलो मका. तिकडे मक्याचं पोतं 90 किलोचं असतं, म्हणजे सहा दिवसांना एक पोतं. शाळेचे 190 दिवस धरले तर 32 पोती. 2023 च्या ऑक्टोबरात सरकारने खरेदीचा भाव पोत्याला 4,000 शिलिंग ठरवला होता. तोच धरला तर 1,28,000. घेवडा 760 किलो, किलोला 130 धरून 98,800. तेल, मीठ, सरपण, आठवड्यातून दोनदा सुकुमा विकीची भाजी मिळून आणखी लाखभर. एकूण 3,30,000 च्या आसपास, म्हणजे थाळीमागे सतरा-साडेसतरा शिलिंग.

मका घेताना भावापेक्षा ओल बघा. 2004 साली केनियाच्या पूर्व भागात बुरशी लागलेला मका खाऊन 317 जणांना विषबाधा झाली, त्यातले 125 दगावले. ते विष शिजवून जात नाही आणि दिसतही नाही. पोतं उघडल्यावर वरचे दाणे बघून समाधान मानू नका. कोपरापर्यंत हात आत घाला, मधला मका उबदार लागला तर पोतं परत करा. मग कोरड्या काचेच्या बाटलीत मधले मूठभर दाणे आणि चिमूटभर सुकं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि बाटली थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला आहे. मीठ खाली सुटं राहिलं तरच मका साठवायच्या लायकीचा. या परीक्षेला एक शिलिंगही लागत नाही, आणि ती प्रत्येक पोत्याची करायची. त्यानंतर मका हवाबंद पिशव्यांत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

पुस्तकं आणि शिकवणं

इथे पैसे कमी लागतात आणि वाया सर्वात जास्त जातात. किसुमूपासून फार लांब नसलेल्या बुसियात अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन पाहिली. सरासरी मुलाच्या गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्यांचा, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. क्रेमर यांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं, ते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्याबरोबर.

उलट बाजूचा पुरावा आपल्या घरचा आहे. मुंबईच्या वस्त्यांत 1994 साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ने इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला जे येतं तिथून पुढे शिकवायची पद्धत बसवली. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या त्यांच्या ‘असर’ पाहणीवरूनच 2009 पासून केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ ही पाहणी सुरू झाली, आणि ती शिकवण्याची पद्धतही आफ्रिकेत पोचली. तुमच्या केंद्रात ती पहिल्या दिवसापासून वापरा. एक कागद घ्या. त्यावर अक्षरं, शब्द, एक परिच्छेद, एक छोटी गोष्ट. मूल शेजारी बसवा, परिच्छेद वाचायला द्या. अडलं तर शब्दांवर या, तिथेही अडलं तर अक्षरांवर. पाच मिनिटांत कळतं की सहावीतल्या या मुलाला कुठल्या गटात बसवायचं. शिक्षिका त्याच्या नावापुढे एक खूण करते आणि तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा समोर ठेवते. देणगीदाराला पाठवायचा खरा अहवाल म्हणजे त्या दोन खुणा.

गोष्टींसाठी आफ्रिकन स्टोरीबुकचा संग्रह मोफत आहे, धोलुओ आणि स्वाहिलीतही. उतरवून घ्या, काळ्या-पांढऱ्यात छापा, जाड दोऱ्याने शिवा. भारतातून जुन्या पुस्तकांची खोकी पाठवू नका. कागद, छपाई, खडू, पाट्या, वह्या यांना वर्षाला 1,20,000 पुरे.

भिंती, पाणी, उजेड

बांधकामाचा एकच आकडा मी देणार नाही, कारण तो मातीवर ठरतो. काळी माती पावसात फुगते आणि जानेवारीत भेगाळते, हे आपल्याला सांगायला नको. ती काढून खाली घट्ट थर लागेपर्यंत जावं लागतं, मग मुरमाची भर. तिकडचे फुंडी, म्हणजे गवंडी-सुतार, त्याला ‘मुरम’च म्हणतात. जोत्यावर पैसे वाचवलेत तर दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तडा जातो. तीन वेगळ्या फुंडींकडून अंदाज घ्या, आणि मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून जोतं त्याच्या वर घ्या. जमलं तर पहिली दोन वर्षं चर्चची किंवा शाळेची रिकामी खोली भाड्याने घेऊनच काढा.

जमिनीचे कागद करताना घाई नको. परदेशी नागरिकाला केनियात मालकी मिळत नाही, जास्तीत जास्त 99 वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. शेतजमिनीच्या व्यवहाराला जमीन नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि घरच्या जमिनीला पत्नीचीही. ‘आमच्या काकांनी तोंडी दिलीय’ यावर भिंत बांधू नका. काका गेले की चुलतभाऊ येतात.

मबातीचं, म्हणजे पत्र्याचं, 120 चौरस मीटरचं छप्पर असेल तर गळती वजा जाता एक सेंटिमीटर पावसात हजारभर लिटर पाणी मिळतं. दहा हजार लिटरची टाकी, रोजचे पाचशे लिटर, म्हणजे वीस दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत विकतचं पाणी धराच. शौचकूप केनियाच्या मापाने 25 मुलींमागे एक आणि 30 मुलग्यांमागे एक. मुलींच्या सॅनिटरी पॅडचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर लिहा, नाहीतर तो पहिला कापला जातो.

विजेचा हिशेब सोपा आहे. नऊ वॉटचे सहा दिवे चार तास आणि तीस वॉटचे पंधरा लॅपटॉप तीन तास मिळून दिवसाला दीड-पावणेदोन युनिट. त्याला पाच-सहाशे वॉटचे सौर पट्टे आणि तीन युनिटांची बॅटरी. बॅटरी मरते, म्हणून तिच्या बदलीसाठी पहिल्या वर्षापासून पैसे बाजूला टाका.

वीज-इंटरनेट, दुरुस्ती, लेखापरीक्षण, औषधं, प्रवास आणि बॅटरीची तरतूद मिळून मी 4,20,000 धरतो. सगळं जोडून वर्षाचे 24,34,500, त्यावर दहा टक्के अडीअडचणीला. साधारण 26 लाख 80 हजार शिलिंग, आपले साडेसतरा ते पावणेएकोणीस लाख रुपये. त्यात पगार अठ्ठावन्न टक्के. कुणी देणगीदार म्हणाला की पगारावर इतका खर्च कशाला, तर त्याला तिथे घेऊन जा आणि शिक्षिकेशेजारी तासभर बसवा.

पैसे पाठवणं

भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते, पण परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत नाही. भारतीय न्यासाने परदेशात खर्च करायचा असेल तर आधी सनदी लेखापालाला विचारा, नाहीतर न्यासाची करमाफी अडचणीत येते. केनियात गावाचा गट सामुदायिक गट म्हणून नोंदवा. बँकेत दोन सह्यांचं खातं ठेवा आणि सगळे पगार मोबाइलवरच्या एम-पेसावरून द्या, म्हणजे प्रत्येक शिलिंगाची नोंद राहते. गावाने हरांबेतून, म्हणजे सगळ्यांनी मिळून हातभार लावून, दिलेली वाळू, दगड, श्रम हेही वहीत किंमत लावून लिहा. ती त्यांची देणगी आहे आणि समितीत बसण्याचा त्यांचा हक्क त्यातूनच येतो.

विनिमयदराला जपा. जानेवारी 2024 मध्ये डॉलरला 160 च्या आसपास शिलिंग मिळत होते, वर्षाच्या मध्यावर 130. हजार डॉलरांमागे तीस हजार शिलिंग गेले, म्हणजे दीड शिक्षिकेचा महिना. म्हणून तीन महिन्यांचे पगार शिलिंगमध्येच वेगळ्या खात्यात ठेवा, आणि ते कशालाही काढायचे नाहीत.

आणि वर्षाचा पहिला हप्ता नोव्हेंबरात पोचेल असा पाठवा. तेव्हा ट्रान्स न्झोया काउंटीतला नवा मका बाजारात येतो आणि भाव उतरलेला असतो. जानेवारीत शाळा उघडते तेव्हा कोठीत निम्मी पोती, तपासलेली आणि सुकी, आधीच आलेली असली पाहिजेत.