हत्याराची मूठ आणि तिचा काळा रंग

सुताराची जुनी पटाशी निरखून पाहिली, तर मुठीचा काळा रंग ठरावीक जागीच उडालेला आढळतो. तळहाताच्या घर्षणाने आणि घामाने ती जागा उघडी पडते. तिच्यावर तैलरंगाचा नवा थर द्यावा, असे सहज वाटते. परंतु तो थर लाकडाच्या वरच राहतो. घामेजलेल्या हातातून गुळगुळीत मूठ निसटते आणि धार दुसऱ्या हातावर येते. म्हणून येथे रंग लाकडात मुरला पाहिजे.

बाभळीच्या सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. त्यामुळेच ती कातडे कमावण्यासाठी वापरतात. टॅनिनचा लोहक्षाराशी संयोग झाला, की गडद काळा रंग निर्माण होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच गुणावर बनत असे. जयपूरजवळच्या बगरू गावातील छिपे लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून कापडावर काळी छपाई करतात. ते कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेले असते. हीच रीत मुठीलाही लागू पडते.

प्रथम जुना रंग काढावा. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले. म्हणून पॉलिशपेपर ओला करूनच घासावे, धूळ उडू देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात गंजके खिळे आठवडाभर ठेवावेत. त्यातून वायू सुटतो, म्हणून झाकण सैल असावे. हिरडा दिल्लीच्या खारी बावली बाजारात सहज मिळतो. त्याचा दाट काढा मुठीला लावून सुकू द्यावा. मग बरणीतील गाळलेले पाणी लावावे. लाकूड प्रथम राखाडी दिसते, पुढे काळे पडते. पात्यावर मात्र हे पाणी सांडू नये, कारण पोलाद गंजते.

दुसऱ्या दिवशी मूठ पुसून, सुकल्यावर जवसाचे तेल चोळावे. तळहाताने पाडलेला खळगा लांबीने भरण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, वर्षानुवर्षांच्या पकडीचा तो आकार असतो. तेलाचे फडके चुरगळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावे.

पाठगत प्रश्न
१. मुठीवर तैलरंगाचा थर धोक्याचा का ठरतो?
२. लोखंडाच्या पाण्याआधी हिरड्याचा काढा का लावतात?