मोटारीची दुरुस्ती आणि डोळस विश्वास

म्हैसूरमधील आयडियल जावा हा मोटारसायकलींचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तरीही तेथील वाहने आजही रस्त्यांवर दिसतात. कुशल मिस्त्रीचे मोल सरस्वतीपुरममधील वाहनमालकाला यावरून सहज पटावे. परंतु मोटार गॅरेजात सोपविताना विश्वास डोळस असावा. इंजिनाचे तेल काळे दिसले म्हणजे ते निकामी झालेच असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच असते. उलट, ब्रेकचे तेल स्वच्छ दिसले तरी हवेतील ओलावा शोषून घेते; त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि चामुंडी टेकडीसारखा लांब उतार उतरताना ब्रेक दगा देण्याचा संभव असतो. म्हणून रंगावर किंवा कोणाच्या शब्दावर नव्हे, तर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटर व महिन्यांच्या मर्यादेवर भिस्त ठेवावी. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, बदललेले सुटे भाग परत मागावेत, पावती जपावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. प्रामाणिक मिस्त्रीला अशा दक्षतेचा राग येण्याचे कारण नाही. त्याचा प्रामाणिकपणा तिच्यामुळेच सिद्ध होतो.