हंगामाचं नवं टेबल

सोयाबीनची आवक सुरू झाली की नायगावच्या मोंढ्यावर कोणाला उसंत नसते. तिथल्या एका आडत दुकानाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला ऐन गर्दीत फोन आला. पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये नव्या हंगामाचं टेबल तयार झालं होतं, पण मुनिमाच्या पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ येत होतं. माल तोलून झालेला, शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेले. गेल्या हंगामाची टेबलं मात्र व्यवस्थित उघडत होती.

कारण साधं होतं. ‘सगळ्या टेबलांवर परवानगी’ ही आज्ञा दिली त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागू होते. नंतर तयार होणारं टेबल ज्या खात्यातून बनेल त्याच्याच मालकीचं, म्हणून मुनिमाला नकार मिळत होता.

तो पोहोचण्याआधी दुकानात कोणीतरी सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले. पट्ट्या निघाल्या. मग तपासताना त्याला दिसलं, की फक्त वजन टिपणाऱ्या खात्यालाही आता भाव बदलता आणि नोंद पुसता येत होती. काम अडणं त्रासाचं खरं, पण शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब असा उघडा पडणं त्याहून कितीतरी वाईट.

असा गोंधळ मोठ्यांकडेही होतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स पोर्टलमध्ये टेबलांच्या परवानग्या आपणहून चालू होत नसत. ऑगस्ट 2021 मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की त्यामुळे 47 संस्थांच्या 3 कोटी 80 लाख नोंदी उघड्या पडल्या होत्या. लसीकरणाच्या वेळाही त्यात होत्या. पुढे मायक्रोसॉफ्टने नव्या पोर्टलांसाठी मूळ सेटिंगच बदललं.

पोस्टग्रेसमध्ये 2010 च्या 9.0 आवृत्तीपासून ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ ही आज्ञा आहे. पुढे बनणाऱ्या टेबलांवर कोणाला काय करता येईल, हे तिने आधीच ठरवता येतं. तंत्रज्ञाने तीच वापरली, पण माणसागणिक नव्हे, कामागणिक गट करून: मुनिमाला वाचणं आणि नोंद करणं, वजनवाल्याला फक्त नोंद करणं. ही आज्ञा ज्या खात्याच्या नावाने दिली, त्याच खात्याने बनवलेल्या टेबलांना लागते. टेबलं दुसऱ्याच खात्यातून बनत असतील तर ही आज्ञा निरुपयोगी. म्हणून टेबलं बनवण्याचं काम एकाच खात्याकडे ठेवावं. पावती क्रमांक आपोआप देणाऱ्या सीक्वेन्सला वेगळी परवानगी लागते. ती राहिली, तर टेबल उघडतं आणि नोंद अडते. जुन्या टेबलांवर वाटलेले जादा अधिकारही हातानेच काढावे लागतात.

हे सगळं हंगामाआधी करावं. चाचणीचं एक टेबल बनवावं आणि प्रशासकाच्या नव्हे, मुनिमाच्या लॉगिनने उघडून पाहावं. नोंद व्हायला हवी, पुसायला मात्र नकार मिळायला हवा. पोस्टग्रेसच्या 2022 च्या 15 व्या आवृत्तीने ‘पब्लिक’ स्कीमात, म्हणजे टेबलांच्या सामायिक कप्प्यात, कोणालाही टेबल बनवू देण्याची जुनी मुभा काढली, पण आधीच्या आवृत्तीवरून वर आणलेल्या डेटाबेसमध्ये ती तशीच राहते. तिथे ती स्वतः काढून घ्यावी.