प्रतिजैविके : कोणाला, किती आणि कोणती?

सर्दी, खोकला आणि ताप घेऊन आलेल्या मुलाला तपासून झाले, की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘डॉक्टर, अँटिबायोटिक लिहिलंय ना?’’ लिहिले नसेल, तर चेहरा उतरतो. दुसऱ्या बाजूला, धाप लागलेले बाळ तीन-चार दिवस शेक आणि काढा देऊन घरीच ठेवले जाते आणि मग धावतपळत आणले जाते. म्हणजे ज्याला गरज नाही, त्याला औषध मिळते आणि ज्याला खरी गरज आहे, त्याला ते उशिरा मिळते. साऱ्या जगात हेच दिसते. आज या जागतिक चित्राची थोडी ओळख करून घेऊ.

प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स, जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. साधी सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या हे विषाणूंचे आजार. औषध वारंवार किंवा अपुरे दिले, तर त्याला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात आणि वाढतात. पेनिसिलीनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता.

मोजतात कसे?

वेगवेगळ्या देशांतील वापराची तुलना करायची, तर एक माप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक औषधाची ‘प्रमाणित दैनिक मात्रा’ ठरवली आहे. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाला एका दिवसाला साधारण जेवढे औषध लागते, तेवढी एक मात्रा. दर हजार लोकांमागे दररोज अशा किती मात्रा खपतात, त्यावरून देशाचा वापर कळतो. संघटनेने २०१८ मध्ये ६५ देशांचे आकडे प्रसिद्ध केले. सर्वांत कमी वापर आफ्रिकेतील बुरुंडीत, ४.४ मात्रा. सर्वांत जास्त मंगोलियात, ६४.४ मात्रा. दोहोंत जवळजवळ पंधरापट फरक! आजारांचे प्रमाण देशोदेशी वेगळे असले, तरी एवढी मोठी तफावत त्यातून निघत नाही. औषध मिळते की नाही, चिठ्ठीशिवाय मिळते का, डॉक्टरांची आणि रुग्णांची सवय काय, यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

या मापात एक उणीव आहे. ते प्रौढांसाठी बनवलेले आहे. दहा किलोच्या बाळाला औषध वजनावर द्यायचे असते. त्यामुळे त्याचा पाच दिवसांचा पूर्ण उपचारही या हिशेबात मोठ्या माणसाच्या जेमतेम दोन-तीन दिवसांएवढा भरतो. देशाच्या एकूण आकड्यात मुले जणू दिसेनाशी होतात. म्हणून मुलांच्या बाबतीत खपाऐवजी ‘किती वेळा औषध दिले’ हे मोजावे लागते.

मुलांच्या वाट्याला किती?

तसे मोजल्यावर जे दिसले, ते काळजी वाटावी असेच आहे. नेपाळ, हैती, केनिया, मलावी, नामिबिया, सेनेगल, टांझानिया आणि युगांडा या आठ देशांचा अभ्यास २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तेथील मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याला सरासरी साडेचोवीस वेळा प्रतिजैविक लिहून दिले जाते, असा त्याचा निष्कर्ष आहे. वर्षाला जवळजवळ पाच वेळा! श्वसनाच्या आजारासाठी आलेल्या दर शंभरांतील ८० मुलांना, तर जुलाबासाठी आलेल्या ५० मुलांना प्रतिजैविक मिळाले. यांतील बहुतेक सर्दी-खोकला आणि जुलाब या औषधांविना बरे होतात. श्रीमंत देशांत या वयात वर्षाला दोन वेळासुद्धा पुष्कळ मानले जाते.

वयानुसार पाहिले, तर वापर दोन टोकांना जास्त असतो. एक टोक लहान मुलांचे, दुसरे म्हाताऱ्या माणसांचे. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या मृत्यूंचा जागतिक हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० ते २०२१ या काळात पाच वर्षांखालील मुलांमधील असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, ही चांगली बातमी. सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये मात्र ते ८० टक्क्यांहून अधिक वाढले. एकाच घरात राहणाऱ्यांचे जंतू एकमेकांकडे जात असतात. नातवाच्या सर्दीला विनाकारण दिलेल्या औषधाची झळ उद्या आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी लागू शकते, हे लक्षात घ्यावे.

कमी म्हणजे चांगले का?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वापर कमी असला, म्हणजे तो देश शहाणा, असे नाही. न्यूमोनियाने २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालील सात लाखांवर मुले दगावली. त्यांतील कितीतरी मुलांपर्यंत साधे, स्वस्त औषध पोहोचलेच नाही.

ते पोहोचले तर काय होते, हे आपल्याच राज्याने जगाला दाखवले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच कार्यकर्त्यांना मुलांचे श्वास मोजायला शिकवले. श्वास जलद असेल, तर त्यांनीच साधे प्रतिजैविक द्यायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तेथे ५४ टक्क्यांनी कमी होते. औषध नवे नव्हते, महागही नव्हते. ते योग्य मुलाला, योग्य वेळी मिळाले, एवढेच.

आपण कोणती औषधे घेतो?

भारतातील खाजगी क्षेत्राचा २०१९ चा वापर दर हजारी दररोज १०.४ मात्रा होता. अनेक देशांच्या मानाने हा आकडा लहान आहे. आपली अडचण दुसरीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत. पहिला गट नेहमीच्या आजारांवर प्रथम वापरायचा, अमॉक्सिसिलीन त्यातले. दुसरा जपून वापरायचा. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम त्यातली. तिसरा अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचा. २०३० पर्यंत जगातील निदान ७० टक्के वापर पहिल्या गटातून व्हावा, असे राष्ट्रांनी २०२४ मध्ये मान्य केले. आपल्याकडे २०१९ मध्ये पहिल्या गटाचा वाटा २७ टक्के आणि जपून वापरायच्या गटाचा जवळजवळ ५५ टक्के होता! सर्वाधिक खपणारी गोळी होती अझिथ्रोमायसिनची. उंदीर मारायला तोफ काढण्याचाच हा प्रकार. रोज काढलेली तोफ खऱ्या लढाईच्या दिवशी निकामी ठरते.

सवय बदलता येते

स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात डॉक्टरांनी एकत्र येऊन हा प्रश्न हाती घेतला. १९९२ ते २०१६ या काळात तेथे पाच वर्षांखालील मुलांना लिहून दिलेल्या प्रतिजैविकांचे प्रमाण ७३ टक्क्यांनी घटले. त्यामुळे मुलांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. फ्रान्सने २००२ पासून दर हिवाळ्यात लोकांमध्ये प्रचार केला, तेव्हा पाच वर्षांत चिठ्ठ्या सुमारे चतुर्थांशाने कमी झाल्या. सर्वांत जास्त घट मुलांमध्ये झाली. आपल्याकडेही १ मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके ‘शेड्यूल एच-वन’ यादीत आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. पण गिऱ्हाइकानेच ‘मागच्या वेळची गोळी द्या’ म्हणून हट्ट धरला, तर कायदा अपुरा पडतो.

घरी काय पाळावे?

१) डॉक्टरांकडे अँटिबायोटिक मागू नका. ‘हे जिवाणूंचे दुखणे आहे का? याची गरज आहे का?’ असे जरूर विचारा. लिहिले नाही, तर ‘कोणती लक्षणे दिसल्यावर परत यायचे?’ हे विचारून घ्या.

२) मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर रात्र असली तरी थांबू नका.

३) पाण्यासारख्या जुलाबांवर मुख्य उपचार म्हणजे जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

४) पिवळा किंवा हिरवा शेंबूड आला, एवढ्यावरून प्रतिजैविक सुरू करू नका.

५) औषध लिहून दिलेच, तर सांगितलेली मात्रा सांगितलेले दिवस द्या. मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका.

६) उरलेले औषध पुढच्या आजारासाठी किंवा धाकट्या भावंडासाठी ठेवू नका. पाणी घालून तयार केलेले पातळ औषध थोडेच दिवस टिकते. किती, ते बाटलीवर लिहिलेले असते.

ज्या मुलाला प्रतिजैविक हवे आहे, त्याला ते एक तासही उशिरा मिळू नये आणि ज्याला नको आहे, त्याला त्याचा एक चमचाही मिळू नये, असे मला वाटते. यातली पहिली अर्धी जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे. दुसरी अर्धी, घड्याळ पुढे ठेवून बाळाचे श्वास मोजणाऱ्या आईवडिलांची.