तोंड श्रोत्यांकडे!

गेल्या सत्रात सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर दहा मिनिटे बोलायचे होते. मी बावीस स्लाइड केल्या आणि पडद्याकडे तोंड करून वाचत गेलो. नवव्या स्लाइडला वेळ संपली. राणे यांचा पराक्रमच सांगायचा राहिला.

या वेळी आधी एकच वाक्य लिहिले : ‘एप्रिल १९४८ मध्ये राणे यांनी सुरुंग काढले, म्हणून रणगाडे राजौरीला पोहोचले.’ बाकीचे गाळले. चार स्लाइड उरल्या; अक्षरे शेवटच्या बाकावरून दिसतील एवढी मोठी. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने सराव केला.

ऐन वेळी वीज गेली. फळ्यावर खडूने रस्ता काढला आणि बोलत राहिलो. शेवटी एका ज्युनियरने विचारले, ‘‘राणे साहेब वाचले का?’’

‘‘जखमी झाले, पण वाचले. परमवीर चक्र त्यांना हयातीत मिळाले.’’

मित्रांनो, असा प्रश्न आला, की समजावे : सगळे ऐकत होते.