पुरुष नसबंदी आणि पश्चात्कर्म : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

मानोरा तालुक्यातील एका खेड्यातला तिशीतील शेतकरी नसबंदीनंतर दहाव्या दिवशी आमच्या चिकित्सालयात आला. 'कमरेत जोर राहिला नाही, ताकदीचे काही द्या,' एवढेच त्याचे म्हणणे. आम्ही नाडी पाहिली, अश्वगंधा चूर्ण दिले आणि त्यास निरोप दिला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पत्नीस दिवस गेले व घरात संशय शिरला. वीर्यतपासणीत शुक्राणू आढळले, तेव्हा कुठे त्या माउलीवरील किटाळ दूर झाले. नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावयाचा असतो, हे त्यास ठाऊक आहे काय, एवढे आम्ही विचारले असते तर हा प्रसंग टळला असता. त्या चुकीतूनच हा लेख लिहिला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. वस्तुतः पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची. आणीबाणीतील सक्तीची धास्ती हे या अनास्थेचे एक कारण. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले होते, परंतु त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. दुसरे कारण म्हणजे 'मर्दानगी जाते' ही समजूत. तिला आपल्यापैकी काहींनी ग्रंथवचनांचा आधार दिला, हे खेदाने नमूद करावे लागते.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी वंक्षण व वृषण यांच्यामध्ये विटप मर्म सांगितले असून त्याच्या आघाताने षांढ्य किंवा अल्पशुक्रता येते असे म्हटले आहे. अश्मरीचिकित्सेत शुक्रवह स्रोतसाच्या छेदाने मरण वा क्लैब्य संभवते, असाही इशारा आहे. तथापि तो इशारा सेवनीच्या बाजूने शस्त्र चालवून बस्तीतील खडा काढण्याच्या खोल कर्मासंबंधी आहे. नसबंदीत वृषणकोशाच्या त्वचेलगतची शुक्रवाहिनी तेवढी बांधून छेदतात. पुरुषत्वाचा अंतःस्राव वृषणातून थेट रक्तात मिसळतो; त्याचा मार्ग अबाधित राहतो. शिवाय दुधात तूप तसे शुक्र सर्वशरीरव्यापी आहे, हे सुश्रुतांचेच मत. वीर्यात शुक्राणूंचा भाग अत्यल्प असल्याने त्याच्या प्रमाणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

प्रधानकर्म

विनाटाका पद्धत १९७४ साली चीनमधील डॉ. ली शुनछियांग यांनी विकसित केली. स्थानिक भूल देऊन त्वचेला सूक्ष्म छिद्र करतात. पंधरा-वीस मिनिटांत कर्म आटोपते, टाका पडत नाही आणि थोड्या विश्रांतीनंतर रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र ही पद्धत कायमस्वरूपी समजूनच निर्णय घ्यावा. नलिका पुन्हा जोडता येते, पण यशाची खात्री नसते.

पश्चात्कर्म

१. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरावी. बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावावा.
२. एक दिवसानंतर स्नान चालेल, परंतु व्रण कोरडा ठेवावा. अभ्यंग, शेक व लेप आठवडाभर वर्ज्य.
३. हलके काम दोन दिवसांनी. सोयाबीनची पोती उचलणे, पाठीवर फवारणीचा पंप घेणे, खडबडीत रस्त्यावर सायकल वा मोटारसायकल चालविणे हे सात दिवस टाळावे. दरवर्षीचा पुरुष नसबंदी पंधरवडा २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असा असतो. तोवर आपल्याकडील सोयाबीन घरात आलेले असते. विश्रांतीस हा काळ सोयीचा.
४. सौम्य वेदना, किंचित सूज व निळसरपणा काही दिवस राहतो. ज्वर, वाढती सूज, पूय, रक्तस्राव किंवा असह्य वेदना असल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता शस्त्रक्रिया केलेल्या ठिकाणी पाठवावे.
५. शरीरसंबंधास दोन-तीन दिवसांनी, त्रास नसल्यास, हरकत नाही. परंतु निरोध आवश्यक. नलिकेत पुढे साठलेले शुक्राणू बाहेर पडण्यास अवधी लागतो. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून शुक्राणू नसल्याची खात्री झाल्यावरच निरोध थांबवावा. त्यानंतरही सुमारे दोन हजारांत एखाद्या वेळी गर्भ राहू शकतो. पत्नीवर संशय घेण्यापूर्वी पुन्हा तपासणी करावी.

औषधविक्रेत्यांस विनंती

नसबंदीनंतर 'ताकदीचे औषध' मागणाऱ्यास वाजीकरणाची बाटली देऊन परत पाठवू नये. कमजोरी नसबंदीने आली, या समजास त्यामुळे दुजोरा मिळतो. त्याऐवजी निरोधाचे पाकीट पुढे ठेवून तीन प्रश्न विचारावेत : शस्त्रक्रिया केव्हा झाली? निरोध वापरता काय? तपासणीची तारीख कोणती? वेदनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी लिहून दिलेलेच औषध द्यावे. ॲस्पिरीन स्वतःहून देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

समारोप

खेड्यातील पुरुष सरकारी दवाखान्यात जे विचारावयास संकोचतो, ते आपल्यापाशी बोलतो. हा विश्वास मोठा आहे. त्यास चूर्णाच्या पुडीसोबत खरी माहितीही मिळाली पाहिजे. वरील तीन प्रश्न आम्ही आता आमच्या चिकित्सालयात प्रत्येक वेळी विचारतो. आपणही विचारावेत, ही प्रार्थना.